आईच्या खोलीला निळा की क्रीम?

घर रंगवायला काढलं की हा प्रश्न येतोच. वयस्कर माणसाची खोली असेल तर माझं मत क्रीमच्या बाजूने. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा प्रकाश आत कमी पोहोचतो. तुम्हाला प्रसन्न वाटणारी फिकट निळी भिंत त्यांना मळकट, करडी दिसू शकते. मोतीबिंदू असेल तर अधिकच.

पण क्रीम भिंतीवर पांढरं बटण आणि पांढरा आधाराचा दांडा हरवून जातो, आणि रात्री लघवीला उठल्यावर नेमकं तेच चाचपडावं लागतं. म्हणून दाराची चौकट, बटणाभोवतीची पट्टी, दांडा गडद तपकिरी करा. खुब्याच्या ऑपरेशनपुढे हा खर्च काहीच नाही! दमा असेल तर रंगाचा वास जाईपर्यंत त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवा.