सामाईक घर, मोकळे मैदान

आपल्या शाळेतून शिकून गेलेली कितीतरी मुले-मुली आज नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, मुंबईत ‘सोसायटी’त राहतात. आपल्या मध्यप्रदेशात जिला गृह निर्माण सहकारी समिती म्हणतात, तीच ही सोसायटी. तिच्यापासून आपल्या शाळेने घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे आम्हाला वाटते.

मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी तत्त्वावर घरे उभारण्यासाठी संस्था काढली. श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांचा त्यात पुढाकार होता. पुढे ही पद्धत शहरभर पसरली. तिचा नियम साधा आहे. जमीन व इमारत संस्थेची, सदस्याकडे भाग आणि राहण्याचा हक्क. घर लहान असो की मोठे, मत एकच. जिना, गच्ची, पाण्याची टाकी सर्वांची. म्हणून तिचा खर्चही सर्वांचा.

दादरच्या शिवाजी पार्कभोवती १९३० नंतरच्या दोन-तीन दशकांत बांधलेल्या जुन्या इमारती आहेत. त्यांपैकी अनेक ठिकाणी अशा सोसायट्या आहेत. समोर सुमारे २८ एकरांचे मैदान. ते १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुले झाले आणि १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोठ्या सभा येथेच झाल्या. रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला याच मैदानावर घडवले. आता त्या जुन्या इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत व तेथे टॉवर येत आहेत. मैदान मात्र टिकून आहे. भोवतालच्या रहिवाशांनी त्याची राखण केली, हे त्याचे एक कारण. त्यांच्या तक्रारीवरूनच २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र मानला. पाडलेली इमारत पुन्हा बांधता येते. एकदा गेलेले मैदान परत येत नाही.

आता आपल्याकडे पाहू. शाळेच्या मैदानाच्या रस्त्याकडील पट्टीवर दुकानांचे गाळे काढून भाडे घ्यावे, अशी सूचना काही पालक व विश्वस्तांनी केली आहे. त्यांचा हेतू चांगला आहे. पावसाळ्यात दोन वर्गखोल्या गळतात आणि पैसा कोठून आणावा हा प्रश्न खराच आहे. तरीही आमचे मत स्पष्ट आहे : गाळे नकोत. मैदान अरुंद होईल, फाटकाशी गर्दी वाढेल, आणि आज एक पट्टी दिली तर उद्या दुसरी मागितली जाईल.

मग छप्पर कसे दुरुस्त होणार? येथेच सोसायटीचा नियम कामी येतो. महाराष्ट्रातील सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्तीसाठी ठेवावी, असे सांगितले आहे. समजा इमारतीचा खर्च २० लाख रुपये धरला, तर वर्षाला ५,००० आणि १५,०००, म्हणजे एकूण २०,००० रुपये होतात. चारशे मुले धरली तर मुलामागे वर्षाला ५० रुपये. हा चंदा ऐच्छिक असावा. ज्यांना जमत नाही त्यांनी श्रमदान करावे. त्यांच्या शब्दाचे वजन बैठकीत कमी होऊ नये. जमा-खर्च दर वर्षी फलकावर लागावा.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. चार भावांची सामाईक विहीर असली की पाणी सगळेच ओढतात, पण गाळ काढायच्या वेळी एकमेकांकडे पाहतात. संत्र्याची बाग मात्र त्यामुळे चौघांचीही वाळते.

विद्यार्थ्यांनो, शाळेची भिंत, नळ आणि मैदान कोणा एकाचे नाही, म्हणजे ते तुमचेही आहे. पालक व विश्वस्त मंडळींना विनंती की पुढील बैठकीत गाळ्यांच्या आधी दुरुस्ती निधीचा विषय घ्यावा. तिगावच्या मुलांना धावायला मोकळी जागा राहावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.