वाचलेले पाणी जाते कुठे?

शहरांच्या पाणीटंचाईची चर्चा सुरू झाली की अलीकडे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचे तंत्र हाताशी आहे, मग नळांना मीटर, वापरावर मर्यादा, गळतीचा शोध ही कटकट कशाला? जितके वापराल तितके परत मिळेल. हे म्हणणे आधुनिक वाटते. पण त्यातले गणित चुकलेले आहे आणि त्या चुकीची झळ धरणाखालच्या शेतकऱ्याला बसते.

शहराला पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होते, असे नियोजनात धरतात. म्हणजे एक लिटर सांडपाणी मिळायला नळातून सव्वा लिटर वाहावे लागते. जलवाहिन्यांतली गळती वेगळीच. पाणी पिण्याच्या दर्जापर्यंत न्यायचे तर बहुतेक ठिकाणी ते आरओच्या पडद्यांतून दाबतात. त्यात आणखी तूट येते, खारट पाणी बाजूला उरते आणि वीजही भरपूर लागते. धरण आटले की हा स्रोतही आटत जातो.

नागपूरचा दाखला या संदर्भात देशभर दिला जातो आणि तो द्यावा असाच आहे. भांडेवाडीच्या केंद्रातून दररोज १३० दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना महापालिका आणि महानिर्मितीने आखली. भांडेवाडीत पुढे २०० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्रही उभे राहिले. एरवी नाग नदीतून गोसीखुर्दच्या दिशेने वाहणारे मैलापाणी कामी आले. औष्णिक केंद्रांनी ५० किलोमीटरच्या परिसरातले प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे, ही सक्ती केंद्राच्या वीजदर धोरणात २०१६ साली आली. नागपूरने त्याच्या आधीच पाऊल उचलले होते.

तरीही एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. शीतकरण मनोऱ्यात गेलेल्या पाण्याची मुख्यतः वाफ होते, ते परत फिरत नाही. म्हणून या योजनेचा खरा नफा कोराडीत मोजता येत नाही. कोराडीने न उचलल्यामुळे धरणात जितके गोडे पाणी राहिले, तितकाच तो नफा. ते पाणी शहरात फुटक्या वाहिन्यांतून झिरपले किंवा गाड्या धुण्यात गेले, तर शुद्धीकरणावरचा सगळा खर्च केवळ उधळपट्टी चालू ठेवण्यासाठी झाला असे म्हणावे लागेल. बचतीची गरज इथे संपत नाही, उलट वाढते.

पुण्यात हाच प्रश्न करारातच गुंफलेला आहे. खडकवासला प्रकल्पातून शहराला वाढीव पाणी मिळायचे आणि त्या बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीसाठी बेबी कालव्यात सोडायचे, असे ठरले. हे दिवसाला सुमारे ५०० दशलक्ष लिटर होते. प्रत्यक्षात किती सोडले आणि ते कितपत शुद्ध होते, यावर महापालिका आणि जलसंपदा विभाग भांडत राहिले; दौंड-हवेलीचे शेतकरी पाण्याच्या दर्जाबद्दल तक्रारी करत राहिले. शहराला गोडे पाणी आधी मिळते, शेतकऱ्याला त्याचा मोबदला नंतर आणि तोही मळका. हा सरळ अन्याय आहे.

सांडपाणी कितीही शुद्ध केले तरी ते घाणच, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. त्याला उत्तर द्यायला विंडहोक पुरेसे आहे. नामिबियाची ही राजधानी १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते. तिथे कारखान्यांचे सांडपाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळे ठेवतात. लोकांचा विश्वास अशा शिस्तीतून येतो, जाहिरातींतून नाही. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहराने दुष्काळ सोसत असतानाही २००६ च्या सार्वमतात अशी योजना बहुमताने नाकारली. त्या मतदारांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण विश्वास न कमावता नळात हात घातला की लोक असेच वागतात.

सिंगापूरने २००३ मध्ये ‘न्यूवॉटर’ या नावाने शुद्ध केलेले सांडपाणी पुरवायला सुरुवात केली, तेव्हा तिथे माणशी घरगुती वापर दिवसाला १६५ लिटर होता. २०१८ पर्यंत तो १४१ लिटरवर आला. पुनर्वापर वाढत असतानाच बचतही वाढली, कारण पाणीपट्टीवरचा जलसंवर्धन कर तिथे १९९१ पासून आहे आणि तो पुनर्वापरानंतरही उठवला गेला नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. लोकांनी पाणी जपून वापरले की सांडपाणी कमी आणि दाट होते, क्षारही वाढतात. कॅलिफोर्नियाच्या गेल्या दशकातल्या दुष्काळात तिथल्या केंद्रांना ही अडचण आली. पण त्यासाठी बचत थांबवायची नसते. केंद्राची क्षमता आणि पाणी पुरवण्याचे करार पुढच्या, कमी वापराच्या अंदाजावर बेतावे लागतात. आज शहरात जितके पाणी उधळले जाते, तितके कायम उधळले जाईल असे गृहीत धरून केंद्र बांधणे हीच मूळ चूक.

सुरुवात पुण्यापासून करता येईल. धरणाच्या पाण्याचे वाटप ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या प्रत्येक बैठकीआधी महापालिका आणि जलसंपदा विभाग यांनी मिळून एकच तक्ता जाहीर करावा: धरणातून किती पाणी उचलले, घरोघरी किती पोचले, शुद्ध होऊन किती कालव्यात गेले आणि त्याचा बीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचे माप) किती होता. ठरल्यापेक्षा पाणी कमी किंवा मळके गेले असेल, तर तेवढी कपात पुढच्या आवर्तनात शहराच्या वाट्यातून व्हावी, आणि ती करण्याचा अधिकार समितीला लेखी मिळावा.