पंचवीस की इप्पत्तैदु?

दाजीबानपेठेत खरेदीला आलेले मराठी गिऱ्हाईक 'पंचवीस' म्हणते. म्हणजे आधी पाच, मग वीस. शेजारचे कन्नड गिऱ्हाईक 'इप्पत्तैदु' म्हणते. आधी वीस, मग पाच. दुकानदार दोघांनाही बरोबर मोड देतो, कारण समोरचा कोणत्या भाषेत बोलतो आहे हे त्याला ठाऊक असते. ते ठाऊक नसते तर पंचवीसाचे बावन्न व्हायला कितीसा वेळ लागणार?

यंत्रांच्या बोलण्यात ही गफलत खरोखर होऊ शकते आणि तिची किंमत एखाद्या ड्रायव्हरच्या पगारातून वसूल होऊ शकते. म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा विषय 'सायन्सवाल्यांचा' म्हणून सोडून द्यावा, हे मला मान्य नाही.

सार्वजनिक प्रवासी वाहनांत बसवायच्या यंत्रांसाठी एआयएस-१४० हे भारतीय मानक आहे. जोरात ब्रेक दाबला, बेफाम वळण घेतले, तर तशी सूचना पाठवण्याची तरतूद त्यात आहे. अशी नोंद उद्या दंडाच्या किंवा विम्याच्या कागदावर आली, तर तो कागद हाताळणारा कोण असेल? आपल्यातलाच कोणीतरी बी. कॉम.!

तेव्हा हा आकडा येतो कसा, ते पाहू. एमपीयू-६०५० नावाचा नखाहून लहान सेन्सर घ्या. त्याच्याशी बोलणे दोन तारांवर चालते. ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली. एका तारेवर ठेका, दुसरीवर एकामागून एक शून्य किंवा एक. या तारांवर सेन्सर आपणहून तोंड उघडत नाही. आधी त्याला पत्त्याने हाक मारायची. पत्ता १०४ किंवा १०५. दर आठ ठोक्यांनंतर ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. गोष्ट ऐकणाऱ्या पोराने द्यावा तसा. वीज दिली तरी स्वारी झोपलेलीच असते. १०७ क्रमांकाच्या खान्यात शून्य लिहिले की जागी होते.

खरी गंमत पुढे आहे. एका खान्यात ० ते २५५ एवढेच मावते, म्हणून मोठा आकडा दोन खान्यांत तोडून ठेवावा लागतो. एमपीयू-६०५० मोठा भाग आधी सांगतो, कन्नडसारखा. एडीएक्सएल-३४५ नावाचा दुसरा सेन्सर लहान भाग आधी सांगतो, आपल्या मराठीसारखा. पहिला सेन्सर टेबलावर सपाट ठेवला तर उभ्या दिशेला पृथ्वीचे गुरुत्व, म्हणजे एक जी, दिसायला हवे. समजा ६४ आणि ० असे दोन भाग आले. ६४ गुणिले २५६, म्हणजे १६३८४; दोन जीपर्यंतच्या मापावर हा बरोबर एक जी. तेच उलटे वाचले तर हाती येतात नुसते ६४. सेन्सर जणू हवेत तरंगतो आहे!

उणे आकड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे वजाबाकीचे चिन्ह नसतेच. ३२७६७ च्या वरचा आकडा आला की त्यातून ६५५३६ वजा करायचे, असा संकेत आहे. म्हणजे ६५५३५ हा खरे तर उणे एक, जवळजवळ काहीच नाही. संकेत विसरणाऱ्याला मात्र तो चार जीचा धक्का वाटेल. रस्त्यावरची बस नुसत्या ब्रेकने असा धक्का देऊच शकत नाही. पण कागदावर छापून आला की तो पुरावा ठरतो. शिवाय माप सोळा जीवर लावले असेल, तर एक जीचे २०४८ च होतात. जमेची रक्कम नावे टाकणे आणि पैशांचे रुपये करणे, दोन्ही चुका एकाच ओळीत!

'यंत्र खोटे बोलत नाही' असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने म्हणतात. नसेल बोलत. पण व्हाउचर खोटे नसले तरी नोंद चुकीची असू शकते, हे ऑडिटिंग शिकलेल्याने तरी विसरू नये.

चांद्रयान-३ वर बेंगळुरूच्या लिओस प्रयोगशाळेत घडवलेले 'इल्सा' हे उपकरण होते. त्यात अशाच जातीचे, पण फार संवेदनशील असे सहा सेन्सर होते. २५ ऑगस्ट २०२३ रोजी त्याने प्रज्ञान गाडीच्या चालण्याची कंपने नोंदवली आणि २६ तारखेला नैसर्गिक वाटणारी एक वेगळी घटना. इस्रोने दोन्ही नोंदी प्रसिद्ध केल्या, पण दुसरीला लगेच भूकंप म्हटले नाही. तिचे मूळ तपासत आहोत, एवढेच सांगितले. चंद्रावरच्या धक्क्याला जी सावधगिरी, ती आपल्या ड्रायव्हरच्या वाट्याला का येऊ नये?

माझी मागणी लहान आहे. ऑडिटिंगच्या वर्गाला एक दुपार प्रयोगशाळेत न्यावे, हा सेन्सर टेबलावर ठेवावा आणि त्याचे दोन भाग प्रत्येकाकडून वहीत मांडून घ्यावेत. शिकवणाऱ्यांनी मराठीत शिकवावे, कन्नडमध्ये शिकवावे. दोन्ही भाषांत आकडे मोजणाऱ्या आम्हा मुलांना मोठा भाग आधी की लहान, हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.