सुटी सर्वांची, रजा एकाची

नवे वर्ष जवळ आले की सामान्य प्रशासन विभागाची सुट्यांची अधिसूचना निघते. इतक्या आतुरतेने वाचली जाणारी दुसरी सरकारी अधिसूचना क्वचितच असेल. तिला आधार १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचा. हुंड्यांच्या व्यवहारासाठी इंग्रजांनी केलेला कायदा आज आमचे सणवार मोजतो, ही गंमत क्षणभर बाजूस ठेवू. महाराष्ट्रात या सुट्या सुमारे २४ असतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, तेव्हापासून शनिवार-रविवारचे १०४ दिवसही हिशेबात धरावे लागतात.

ही बेरीज मांडून सरकारी नोकरास आळशी ठरविणे सोपे आहे. आम्हांस ते करावयाचे नाही. शनिवारच्या बदल्यात त्याचा रोजचा दिवस ४५ मिनिटांनी वाढला आहे. शिवाय त्याच्या हक्काच्या रजेची अवस्था पाहा. वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा आणि ३० दिवसांची अर्जित रजा नियमांत आहे. पण मुलीचे बाळंतपण असो की आईचे आजारपण, दोन दिवसांसाठी वरिष्ठांची मनधरणी करावी लागते, कारण त्याचे काम पाहणारा दुसरा कोणी नेमलेलाच नसतो. मग न घेतलेली अर्जित रजा साठत जाते आणि ३०० दिवसांपर्यंतचे पैसे निवृत्तीच्या वेळी हाती पडतात. विश्रांती द्यावयाची ती उमेदीच्या वर्षांत, की थकून घरी बसल्यावर रोख रकमेत? पोलीस, परिचारिका, एस. टी.चे चालक-वाहक यांना तर सणाचा दिवस म्हणजे दुप्पट कामाचाच दिवस.

सार्वजनिक सुटीने अख्खे कार्यालय बंद होते. रजेने एकच खुर्ची रिकामी होते, आणि तिच्यावर दुसऱ्यास बसविता येते. हा भेद राज्यकर्त्यांनी कधी मनावर घेतलेला दिसत नाही. गुरुवारी सण, शुक्रवारी साहेब रजेवर, पुढे शनिवार-रविवार. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून तहसील कचेरीत आलेल्या माणसास सोमवारी पुन्हा एक मजुरी बुडवावी लागते. त्याला पगारी सुटी ठाऊकच नाही.

उत्तर प्रदेशाने २०१७ मध्ये १५ सुट्या, बहुतेक जयंती-पुण्यतिथींच्या, रद्द केल्या. सार्वजनिक सुटी हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या एका प्रकरणात म्हटले. परंतु नुसती काटछाट आम्हांस मान्य नाही. कोणाची सुटी कापावयाची, या प्रश्नावर प्रत्येक समाजाचे मन दुखावेल, आणि ते अकारण नसेल. केंद्र सरकारच्या कार्यालयांत दोन ऐच्छिक सुट्या असतात. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे त्या निवडाव्यात. हेच तत्त्व येथे अधिक सढळपणे लावावे. राष्ट्रीय दिन आणि मोजके मोठे सण सर्वांसाठी ठेवून उरलेले दिवस कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक रजेत जमा करावेत. ईद, महावीर जयंती वा लेकीचे लग्न यांपैकी कशासाठी ते वापरावयाचे, हे त्याने ठरवावे, साहेबांनी नव्हे.

मात्र एक अट आहे. रजेवरील माणसाचे काम त्या दिवशी कोण करील, त्याचे नाव कार्यालयाच्या दारावरील फलकावर सकाळीच लागले पाहिजे. ‘साहेब रजेवर आहेत’ हे उत्तर खिडकीवर चालता कामा नये. याला नवा कायदा लागत नाही. कार्यालयप्रमुखाने आदल्या सायंकाळी पाच मिनिटे खर्च केली तरी पुरे.