विश्लेषण : स्टॅनफर्डचा तलवारबाजी संघ बंद होता होता कसा वाचला?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ८ जुलै २०२० रोजी आपल्या ३६ पैकी ११ क्रीडा संघ बंद करण्याची घोषणा केली. त्यात तलवारबाजीचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ होते. दहा महिन्यांनी विद्यापीठाने हा निर्णय मागे घेतला. मात्र, ज्या आर्थिक गणितामुळे ही वेळ आली, ते आता आणखी अवघड झाले आहे.

निर्णय का घेतला?

क्रीडा विभाग करोनापूर्वीच तोट्यात होता. करोनामुळे तीन वर्षांत ही तूट सुमारे ७ कोटी डॉलरवर जाईल, असा विद्यापीठाचा अंदाज होता. हे ११ संघ कायमस्वरूपी चालवण्यासाठी २० कोटी डॉलरहून अधिक निधी लागेल, असेही सांगण्यात आले. २४० हून अधिक खेळाडू आणि २२ प्रशिक्षकांना या निर्णयाचा फटका बसणार होता. टीकाकारांनी लगेच विद्यापीठाच्या सुमारे २९ अब्ज डॉलरच्या गंगाजळीकडे बोट दाखवले.

तलवारबाजीवरच कुऱ्हाड का?

अमेरिकी विद्यापीठांत फुटबॉल आणि बास्केटबॉल हे खेळ पैसा आणतात. बाकीचे बहुतेक खेळ त्या पैशांवर आणि देणग्यांवर चालतात. तलवारबाजीला तिकीटविक्री नाही, दूरचित्रवाणीचे मोठे करारही नाहीत. शिवाय राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पातळीवर हा खेळ जेमतेम ४०-५० शिक्षणसंस्थांतच उरला आहे. त्यामुळे खर्चाला कात्री लावताना पहिला नंबर अशाच खेळांचा लागतो.

मग या संघाचे महत्त्व काय?

अमेरिकेत क्रीडा मंत्रालय नाही आणि ऑलिम्पिक समितीला सरकारी अनुदान मिळत नाही. खेळाडू घडवण्याचा मोठा भार विद्यापीठेच उचलतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये फॉइल प्रकारात रौप्यपदक जिंकणारा अलेक्झांडर मॅसियालस हा स्टॅनफर्डचाच. तो तिथे मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकला. बंद होणाऱ्या ११ खेळांनी मिळून विद्यापीठाला २७ ऑलिम्पिक पदके दिली होती.

निर्णय कसा फिरला?

माजी खेळाडूंनी '३६ स्पोर्ट्स स्ट्राँग' ही मोहीम उभारली आणि देणग्यांची आश्वासने गोळा केली. मार्च २०२१ मध्ये कुस्तीपटू शेन ग्रिफिथने विद्यापीठाचे नाव नसलेला काळा पोशाख घालून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. मे महिन्यात खेळाडूंनी दोन खटले दाखल केले. खेळाडूंना प्रवेश देताना संघ बंद करण्याचा विचार लपवला, असा एका खटल्यातील आरोप होता. दुसरा खटला शिक्षणातील लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या 'टायटल नाइन' या १९७२ च्या कायद्यावर आधारित होता. त्यानंतर काही दिवसांतच, १८ मे रोजी, विद्यापीठाने सर्व ११ संघ कायम ठेवत असल्याचे जाहीर केले. गुंतवणुकीवरील वाढलेला परतावा आणि निधी उभारणीची नवी शक्यता, ही कारणे देण्यात आली.

आता पुन्हा चिंता का?

जून २०२५ मध्ये 'हाऊस' खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली. त्यानुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येतो. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. यातील बहुतांश रक्कम फुटबॉल आणि बास्केटबॉलपटूंकडे जाईल, असे मानले जाते. म्हणजेच छोट्या खेळांना पोसणारा पैसा आटण्याची भीती आहे. मोबदला मिळणे हा खेळाडूंचा न्याय्य हक्क. पण त्याची किंमत तलवारबाजांनी मोजायची का, हा प्रश्न उरतोच.

स्टॅनफर्डचा संघ वाचला, कारण त्याच्यामागे पैसेवाले माजी विद्यार्थी आणि वकील उभे राहिले. ज्या विद्यापीठांकडे असे पाठबळ नाही, तिथले संघ पुढच्या काटकसरीत टिकतीलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.