वाटा कळला पाहिजे

चार तीनाहून मोठे, म्हणून पाव हा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा, असे लहान मूल सहज म्हणते. पूर्वी शाळेत पावकी, निमकी घोकून घेत. पण घोकंपट्टीने आकलन येतेच असे नाही. सारख्या दोन भाकरींचे तीन व चार समान भाग करून दाखवावेत. वाटेकरी वाढले की वाटा घटतो, हे डोळ्यांना दिसते. अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात बटईचा हिस्सा ज्याला कळत नाही, बाजारातील काटापट्टी वाचता येत नाही, तो नाडला जातो. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. २००९ च्या कायद्याने शिक्षण हक्क ठरले. तो हक्क प्रत्यक्षात उतरावा, म्हणून कार्यकर्त्यांनी आठवड्याची एक संध्याकाळ मुलांकडून वाचून घेण्यास आणि वाटे पाडण्यास द्यावी. समान वाटपाची भाषा बोलणाऱ्यांचे हे प्राथमिक कर्तव्यच होय.