आपल्या गाण्याची मालकीण

या अंकाची नायिका आहे डॉली पार्टन. टेनेसीच्या डोंगराळ भागात १९४६ मध्ये, बारा भावंडांच्या गरीब घरात जन्मलेली ही मुलगी शाळा संपताच नॅशव्हिलला गेली आणि पुढे कंट्री संगीत पॉपच्या श्रोत्यांपर्यंत घेऊन गेली. आम्ही थांबलो ते मात्र तिच्या एका नकारापाशी. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे तिने लिहिलेलं गाणं एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशनहक्कांतला अर्धा वाटा मागितला. डॉलीने तो दिला नाही. मनाला लागलं, तरी दिला नाही. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं जगभर पोहोचवलं, तेव्हा हक्क डॉलीकडेच होते.

आपल्याकडे गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला २०१२ च्या कायदादुरुस्तीने बळ दिलं. तरी करार नीट न वाचता सही करणारे कलावंत आजही भेटतात, आणि ते आम्हाला अस्वस्थ करतं. म्हणूनच या अंकात डॉलीच्या झगमगाटापेक्षा तिची लेखणी आणि तिचा व्यवहार यांना जास्त पानं दिली आहेत. तुम्ही गाणी लिहीत असाल, चाली बांधत असाल, तर हक्कांबाबतचे तुमचे अनुभव आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.